घड्याळ नेमकं कधी सुरू होतं?

प्रश्न : विजेची गाडी उभ्या जागेवरून दोन सेकंदांच्या आत ताशी शंभराचा वेग घेते म्हणे. खरं धरावं का? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आकडा खोटा नाही, पण घड्याळ कुठून लावलं ते विचारा. टेस्लाच्या मॉडेल एस प्लेडचा १.९९ सेकंदांचा दावा पहिला एक फूट सोडून मोजलेला, म्हणजे गाडी फूटभर सरकल्यावर घड्याळ सुरू. ड्रॅग शर्यतीतली, म्हणजे सरळ रस्त्यावरच्या छोट्या शर्यतीतली, ही जुनी रीत. त्यात साधारण पाव सेकंद वाचतो. वर तो ताशी ६० मैलांचा, म्हणजे सुमारे ९६.६ किलोमीटरचा, आपल्या शंभराचा नव्हे! बॅटरी उतरली की जोरही उतरतो. विजापूर रोडवर चौघं बसवून, डिकीत चादरींचे गठ्ठे कोंबून तो आकडा निघायचा नाही. मी तर ताशी ४० वरून ८० किलोमीटरला जायला लागणारा वेळ बघेन. उसाची ट्रॉली ओलांडताना तोच उपयोगी.