टिकणारं ग्राफिक्स कार्ड : वाचकांचे प्रश्न

यंदा आलेल्या प्रश्नांत ‘कोणतं कार्ड सर्वांत वेगवान?’ असं फारसं कुणी विचारलेलं नाही. घातलेले पैसे चार-पाच वर्षं टिकतील ना, हाच घोर बहुतेकांना आहे. म्हणून या वेळी वेग बाजूला ठेवून टिकाऊपणाबद्दलच बोलू.

प्रश्न : असूस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक, सफायर यांत सर्वांत भरवशाची कंपनी कोणती? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे)

या कंपन्या चिप बनवत नाहीत. चिप येते एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलकडून. तुम्ही लिहिलेल्या कंपन्या तिच्याभोवती बोर्ड, हीटसिंक (उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा) आणि पंखे बसवतात. एकाच कंपनीच्या एकाच चिपवर दोन पंख्यांचं स्वस्त मॉडेलही मिळतं आणि तीन पंख्यांचं जाडजूड महागही. त्यामुळे तुलना कंपन्यांची करू नका, मॉडेलची करा.

निर्दोष मात्र कुणीच नाही. डिसेंबर २०२२मध्ये आलेल्या आरएक्स ७९०० एक्सटीएक्सच्या एएमडीच्या स्वतःच्या रचनेतल्या काही कार्डांच्या कूलरमध्ये दोष निघाला. चिपचा सर्वांत तापलेला भाग ११० अंशांवर जाऊ लागला, आणि कंपनीला ती कार्डं बदलून द्यावी लागली. फेब्रुवारी २०२५मध्ये एनव्हिडियाने मान्य केलं, की आरटीएक्स ५०९० आणि ५०७० टीआयच्या काही चिपमध्ये आरओपी हे चित्र रंगवणारे घटक कमी आहेत. ५०९०मध्ये ते १७६ हवेत, सदोष कार्डांत १६८ निघाले. कार्ड चालत होतं, पण पूर्ण पैसे देऊन ग्राहकाला अपुरा माल मिळत होता. आणि वॉरंटीसाठी नावाजलेल्या ईव्हीजीएने तर सप्टेंबर २०२२मध्ये हा धंदाच सोडला.

म्हणून मी आधी चिप ठरवतो आणि मग तीन गोष्टी पाहतो : वॉरंटी किती वर्षांची, तुमच्या शहरात त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे का, आणि हीटसिंक किती भरीव. ‘ओसी’ (ओव्हरक्लॉक, म्हणजे कारखान्यातच थोडा वाढवलेला वेग) लिहिलेल्या मॉडेलसाठी तीन-चार हजार जास्त मोजू नका. त्यातून मिळणारा वेग खेळताना जाणवतही नाही. ते पैसे एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्यात घाला. का, ते रत्नागिरीच्या प्रश्नात येईलच.

प्रश्न : मे महिन्यात गेम खेळताना कार्ड ८४ अंश आणि हॉटस्पॉट (चिपचा सर्वांत तापलेला भाग) ९७ दाखवतं. जळेल का? (नागपूर)

जळणार नाही. मर्यादा जवळ आली की चिप स्वतःच वेग उतरवते. खोलीचं तापमान जितकं वाढतं, साधारण तितकंच कार्डाचंही वाढतं. डिसेंबरात ६८ दाखवणारं कार्ड मेमध्ये ८४ दाखवत असेल, तर त्यात बिघाड नाही, तो ऋतूचा फरक आहे.

खरी खूण वेगळीकडे आहे. मुख्य तापमान आणि हॉटस्पॉट यांत दहा-पंधरा अंशांचं अंतर चालतं. ते पंचवीस-तीसवर गेलं, तर चिप आणि हीटसिंक यांमधली पेस्ट सुकलीय किंवा हीटसिंक नीट बसलेला नाही. तुमचं अंतर तेराच आहे.

तरी उन्हाळ्यापुरती कार्डाची पॉवर लिमिट (वीज घेण्याची कमाल मर्यादा) आफ्टरबर्नरमध्ये ८० टक्क्यांवर आणा. हे सॉफ्टवेअर एमएसआयचं असलं तरी कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. फ्रेम थोड्याच कमी होतात, उष्णता आणि पंख्यांचा आवाज मात्र लक्षात येण्याइतका उतरतो. विदर्भातल्या वाचकांना आणखी एक कळकळीची सूचना : कॅबिनेट डेझर्ट कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. त्या हवेत ओल असते, कधी तुषारही असतात, आणि बोअरच्या पाण्यातले क्षार बोर्डावर बसतात. टेबलाच्या बंद कप्प्यातही नको. धूळ ब्लोअरने काढताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर झोताने तो वाजवीपेक्षा जोरात फिरतो आणि बेअरिंग खराब होतं.

प्रश्न : मुलगा बारावीत आहे, परीक्षेनंतर कार्ड हवंय म्हणतो. ऑनलाइन ‘आरएक्स ५८०, ८ जीबी, नवं कोरं’ अगदी स्वस्तात दिसलं. घ्यावं का? (एक आई, सांगली)

ताई, घेऊ नका. आरएक्स ५८० एप्रिल २०१७मध्ये बाजारात आलं. आज ‘नवं कोरं’ म्हणून मिळतं त्यात बहुधा जुन्या कार्डांवरून काढलेली चिप नव्या बोर्डावर बसवलेली असते. शिवाय ‘२०४८ एसपी’ नावाचा एक प्रकार ५८०च्याच नावाने विकला जातो. मूळ कार्डात २३०४ शेडर (चित्राचं गणित करणारे छोटे घटक) असतात, यात २०४८, म्हणजे खरं तर ते खालच्या ५७०च्या बरोबरीचं.

यातली बरीच कार्डं माइनिंगमधली, म्हणजे डिजिटल नाणी मिळवण्यासाठी राबवलेली आहेत. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या डिजिटल नाण्याची पद्धत बदलली, ग्राफिक्स कार्डांवर ते नाणं मिळवणं बंद झालं आणि कार्डांचे ढीग बाजारात आले. माइनिंगमधलं प्रत्येक कार्ड वाईट असतं असं नाही. पण पंखे रात्रंदिवस फिरलेले असतात आणि मेमरीवरचे थर्मल पॅड वाळलेले असतात. आणि जीएसटी बिल नसेल, तर बिघडल्यावर तक्रार कुणाकडे करणार?

सरळ फसवणूकही चालते. २०१०मध्ये आलेल्या जीटीएस ४५०चं बायॉस (कार्डाची ओळख सांगणारं आतलं सॉफ्टवेअर) बदलून ते जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकलं जातं. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर अशा कार्डापुढे ‘फेक’ असा शेरा दाखवतं. जुनं घ्यायचंच असेल तर ओळखीच्या माणसाकडून, मूळ बिलासह, अर्धा तास गेम चालवून पाहून घ्या. मात्र एनव्हिडियाची जीटीएक्स १० मालिका टाळा. तिच्यासाठी नव्या गेमचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) ऑक्टोबर २०२५मध्ये बंद झाले, आता फक्त सुरक्षेचे अपडेट येतात.

माझा सल्ला वेगळाच आहे. आत्ता ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्या, उदाहरणार्थ रायझन ५ ५६००जी. मुलाचा अभ्यास होईल, व्हॅलोरंटसारखे हलके गेमही चालतील. कार्ड वर्षभराने, पैसे साठल्यावर, नवं आणि बिलासह घेता येईल.

प्रश्न : आमच्याकडे वीज सारखी जाते-येते. दोन वर्षांत दोन कार्डं गेली. तिसरं कोणतं घेऊ? (रत्नागिरी)

तिसरं कार्ड आत्ता घेऊच नका. एकाच मशीनमध्ये लागोपाठ दोन कार्डं गेली, तर मी कार्डावर नाही, आधी वायरिंगवर संशय घेईन.

पहिलं अर्थिंग. चालू कॅबिनेटच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? येत असतील तर सॉकेटचं अर्थिंग तुटलेलं आहे किंवा मुळात नाहीच. एसएमपीएसच्या आतला फिल्टर गळणारा विद्युतप्रवाह जमिनीत सोडतो. वाट मिळाली नाही, की कॅबिनेटवर मुख्य विजेच्या निम्म्याएवढा दाब तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असतो, पण अशा मशीनला चालू टीव्हीची एचडीएमआय केबल जोडताना तो फरक कार्डाच्या पोर्टमधून धावतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग मोजून घ्या. आधी हेच करा.

दुसरं एसएमपीएस. आरटीएक्स ५०६०चं उदाहरण घ्या. कार्ड १४५ वॅट घेतं, आणि एनव्हिडिया ५५० वॅटचं एसएमपीएस सुचवते. असेंबल्ड मशीनमध्ये कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ आलेल्या एसएमपीएसवर ५०० वॅट छापलेलं असतं, पण तेवढं ते १२ व्होल्टच्या लाइनवर देत नाही, आणि कार्डाला लागतं नेमकं तेच. लेबलवरचा १२ व्होल्टपुढचा अँपिअरचा आकडा वाचा आणि १२ने गुणा : तीच खरी ताकद. ‘८० प्लस’चा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, संरक्षक सर्किटं चांगली आहेत याची हमी तो देत नाही. पाच वर्षं किंवा जास्त वॉरंटीचं घ्या. आणि मॉड्युलर, म्हणजे सुट्या केबलींचं, एसएमपीएस बदलताना जुन्या केबल कधीही वापरू नका. कार्डाकडचं टोक सारखं असलं तरी एसएमपीएसकडच्या टोकाच्या जोडण्या प्रत्येक कंपनीच्या निराळ्या असतात. चुकीची केबल लावली तर कार्ड क्षणात जातं.

तिसरं यूपीएस. घराघरांत असलेलं ६०० व्हीएचं यूपीएस जेमतेम ३६० वॅट पेलतं, त्यातच मॉनिटरही आला. गेम चालू असताना वीज गेली की ते दम तोडतं आणि मशीन धाडकन बंद होतं. १००० व्हीए किंवा त्याहून मोठं घ्या, जमल्यास प्युअर साइन वेव्हचं (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारं), कारण काही चांगल्या एसएमपीएसना चौकोनी लहर मानवत नाही. वळिवाच्या विजा सुरू झाल्या की प्लग काढा आणि इंटरनेटची लॅन केबलही काढा. ती केबल सगळे विसरतात.

एवढं झाल्यावर कार्ड निवडताना कमी वीज घेणारं निवडा. आणि खाऱ्या हवेत मशीन महिनोन् महिने बंद ठेवू नका. रोज थोडा वेळ चालू राहिलं तर बोर्डावर ओल टिकत नाही.

प्रश्न : कार्डाची मेमरी ८ जीबी की १६ जीबी? (ठाणे)

१०८०पीवर (साध्या फुल एचडी पडद्यावर) ऑनलाइन गेमच खेळायचे असतील तर ८ पुरे. नवे मोठे गेम पाच वर्षं खेळायचे असतील तर १६. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी दोन्ही या दोन्ही मापांत मिळतात, तेव्हा बिलावर माप लिहून घ्या. मेमरी नंतर वाढवता येत नाही.

प्रश्न : आत्या न्यू जर्सीहून येतेय. तिला आणायला सांगू का? (कोल्हापूर)

त्या कंपनीची वॉरंटी भारतात चालते असं लेखी मिळालं तरच. बहुतेक कार्डांची वॉरंटी विकलेल्या देशापुरती असते, आणि बिघडलेलं कार्ड परत तिकडे पाठवायचा खर्च नि खटाटोप तुमच्याच माथी येतो.

प्रश्न : कार्डाला वीज देणारा बारीक पिनांचा नवा कनेक्टर वितळतो, हे खरं का? (नवी मुंबई)

खरं आहे. ऑक्टोबर २०२२पासून ४५० वॅट घेणाऱ्या आरटीएक्स ४०९०बाबत असे प्रकार पुढे आले. पुढे कनेक्टरची रचना सुधारली, पण ५०९०तही तक्रारी आल्या. १५०-२०० वॅटच्या कार्डांना हा धोका फार कमी. प्लग पूर्ण आत गेला आहे, फट दिसत नाही, हे टॉर्च लावून पाहा. कनेक्टरपासून तीन-चार सेंटिमीटरपर्यंत वायर सरळ ठेवा आणि काचेच्या दाराने ती दाबली जात नाही ना, तेही बघा.

प्रश्न : नवं कार्ड आलं की आधी काय तपासावं? (नाशिक)

खोका उघडताना सलग व्हिडिओ काढा, त्यात खोक्यावरचा आणि कार्डावरचा सीरियल नंबर जुळतो हे दिसू द्या. जीपीयू-झेडमध्ये मेमरी, शेडर आणि आरओपी कंपनीच्या पानाशी ताडून पाहा. ओसीसीटी या सॉफ्टवेअरची व्हीरॅम (कार्डाची मेमरी) चाचणी चालवा, त्यात एकही चूक निघता कामा नये. मग रोजचा जड गेम दोन-तीन तास खेळा. रंगीत ठिपके, चौकडे, काळा पडदा यांपैकी काहीही दिसलं तर ड्रायव्हर एकदा नव्याने टाका. तरीही तेच दिसलं तर परतीची मुदत संपायच्या आत कार्ड दुकानात घेऊन जा.