ग्रुपवर आपली वस्तू विकायची असेल तर कसं वागावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही हातशिलाईच्या वह्या बनवता. शाईपेनवाल्यांच्या एका ग्रुपमध्ये शिरलात, त्याच संध्याकाळी फोटो आणि लिंक टाकलीत. तासाभरात पोस्ट उडाली, वर ॲडमिनची ताकीद. वस्तू ग्रुपच्याच कामाची आहे, मग चुकलं काय?

मी सात-आठ वर्षं असाच एक ग्रुप सांभाळतोय, आणि त्याआधी एका ग्रुपमधून माझी हकालपट्टी झालेली आहे. त्यामुळे दोन्ही बाजू ठाऊक आहेत.

आधी ॲडमिनच्या जागी बसून बघा. नवा सदस्य, आजवर एक कॉमेंट नाही, पहिलीच पोस्ट लिंकची. दिवसभरात असे पाच-सहा जण येतात. कोणी झटपट कर्ज देतो, कोणी घरबसल्या कमाई शिकवतो. तुमची वही नेमकी त्या रांगेत जाऊन उभी राहिली. ती उघडून कागदावर बोट फिरवून बघायला कोणाला सवड आहे?

हा राग आजकालचा नाही. एप्रिल १९९४ मध्ये कँटर आणि सीगल या अमेरिकन वकील जोडप्याने ग्रीन कार्ड लॉटरीचं (अमेरिकेत कायम राहण्याच्या परवान्यासाठीच्या सोडतीचं) काम करून देण्याची जाहिरात यूजनेटच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चा-गटांच्या जाळ्यातल्या, साडेपाच हजारांहून जास्त गटांत टाकली. विषय कोणताही असो, जाहिरात तीच. लोकांनी संतापून इतकी उत्तरं धाडली की त्यांना इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचे सर्व्हरच बसले आणि तिने त्यांचं खातं बंद केलं. त्याच यूजनेटवर खरेदी-विक्रीसाठी वेगळे गट होते, तिथे जाहिरात टाकली तर कोणी हरकत घेत नसे. ऑक्टोबर १९९५ च्या 'आरएफसी १८५५' या नेटवरच्या शिष्टाचाराच्या दस्तऐवजातही हेच आहे की काही गटांत जाहिरात चालते, काहींत तिचा तिटकारा असतो. म्हणजे पहिलं काम वाचण्याचं. पिन केलेली पोस्ट वाचा, महिनाभराच्या चर्चा चाळा, विक्रीसाठी ठरावीक वार किंवा चर्चेचा वेगळा धागा (थ्रेड) आहे का ते बघा.

रेडिट या चर्चांच्या संकेतस्थळावर एक ढोबळ हिशेब बरीच वर्षं सांगितला जायचा, की दहा पोस्टींत स्वतःच्या मालाची एकच. मला तो फारसा पटत नाही. लोक नऊ ठिकाणी 'वा, मस्त!' टाकतात आणि दहाव्या ठिकाणी लिंक. ॲडमिन मंडळींना हे लगेच कळतं, आम्ही फक्त प्रत्येक वेळी बोलत नाही.

आता माझी हकीकत. मी पेन ठेवायची चामड्याची पाकिटं शिवायचो. एकदा ताकीद मिळाल्यावर शहाणपण सुचलं ते असं: भावाच्या खात्यावरून विचारलं, 'चांगलं पाकीट कुठे मिळेल?' आणि माझ्या खात्यावरून उत्तर दिलं की अमुक ठिकाणचं छान असतं, मी वापरतोय. दोन दिवस सुखात गेले. मग एका बाईंनी शांतपणे लिहिलं, 'तुम्ही दोघंही शिलाईचा शि दीर्घ काढता, नाही का?' तिथेच सगळं संपलं. जाहिरात केली म्हणून लोक इतके चिडले नसते, त्यांना मूर्ख समजलो म्हणून चिडले. आणि हे नुसतं शिष्टाचारापुरतंही नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये खोट्या रिव्ह्यूंवर बंदी घालणारा नियमच केला.

मग विकायचं कसं? समजा, कोणी विचारलं, 'माझ्या वहीत शाई मागच्या बाजूला उतरते, जाड कागद घेऊ का?' इथे तुमच्याकडे सांगण्यासारखं खरंच काही आहे. नुसत्या जाडीवर जाऊ नका, कागद शाई किती शोषतो हे त्याच्या सायझिंगवर, म्हणजे त्याने शाई पटकन पिऊ नये म्हणून बनवताना दिलेल्या खळीसारख्या द्रव्यावर ठरतं, हे सांगा. ८० जीएसएमच्या (एका चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या) झेरॉक्सच्या कागदातून शाई आरपार जाऊ शकते आणि ५२ जीएसएमचा टोमोए रिव्हर हा पातळ जपानी कागद तिला वरच धरून ठेवतो, पण त्यावर शाई वाळायला वेळ लागतो, हेही सांगा. मग एक ओळ जोडा: 'मी स्वतः वह्या विकतो, तेव्हा माझं म्हणणं तेवढं वजा करून घ्या.' लिंक नको. ज्याला हवी तो मागेल. आणि त्याच्या कामाला दुसऱ्याची वही जास्त बरी असेल तर तिचं नाव सांगा. एक गिऱ्हाईक जाईल, जाऊ दे. वाचणारे शंभर जण ते लक्षात ठेवतात.

सदस्यांच्या यादीतून नंबर उचलून एकेकाला मेसेज मात्र चुकूनही करू नका. त्याला आमच्याकडे दुसरी संधी नाही. आणि 'किंमत इनबॉक्समध्ये' असं लिहू नका, डोकं उठतं.

सध्या ॲडमिनला एवढंच लिहा: 'काल नियम न वाचता पोस्ट टाकली, चुकलं. मी वह्या बनवतो. विक्रीची पोस्ट इथे चालते का, चालत असेल तर कधी आणि कुठे?' 'नाही' असं उत्तर आलं तर ठीक म्हणा आणि ग्रुपमध्ये राहा. मला असा मेसेज आला तर मी आधी वहीचा फोटो मागून घेईन.