आधी गज, मग बोटं : केजन आणि क्रिओल फिडलबद्दल वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याच्या नैऋत्य भागातल्या फ्रेंचभाषक लोकांच्या, म्हणजे केजन आणि क्रिओल लोकांच्या, फिडलवादनाविषयी ठाणे आणि नवी मुंबईतून बरेच प्रश्न आले आहेत. त्यांतले निवडक प्रश्न उत्तरांसह देत आहोत. फिडल म्हणजे आपलं नेहमीचं व्हायोलिनच. वाद्य तेच, फक्त वाजवण्याची रीत निराळी.

मी हिंदुस्थानी पद्धतीचं व्हायोलिन शिकले आहे. केजन चाली कानाने पटकन बसतात, पण मी वाजवल्या की भावगीतासारख्या वाटतात. कुठे चुकतं? (सानपाडा)

चुकतं ते गजात, आणि ही सवय चांगल्या तालमीतूनच लागलेली आहे. गायकी अंगाच्या वादनात एका गजात चार-सहा स्वर घ्यायला शिकवतात. मींड तुटू द्यायची नाही आणि गज कधी फिरला ते ऐकणाऱ्याला कळू द्यायचं नाही. केजन फिडलमध्ये मात्र गज फिरलेला ऐकू आलाच पाहिजे, कारण हे नाचाचं संगीत आहे. लाउडस्पीकर येण्याआधी कुणाच्या तरी घरातलं सामान बाहेर काढून रात्रभर नाच चालायचा, आणि अख्खी खोली दोन फिडलच्या जोरावर नाचायची. पाऊल कुठे दाबायचं हे नाचणाऱ्याला गजाकडूनच कळायचं.

म्हणून पहिले पंधरा दिवस डाव्या हाताची बोटं तारांवर ठेवूच नका. खुर्चीवर बसा, म्हणजे पायाने ठेका धरता येईल. मांडी घालून बसलं तर तो धरता येत नाही. या संगीतातल्या बहुतेक चाली पहिल्या पोझिशनमध्येच वाजतात. हात पट्टीवर वरखाली न्यावा लागत नाही, म्हणून फिडल हनुवटीखाली आवळून धरण्याचीही गरज नाही.

टू-स्टेप या नाचाचा गज असा: एक लांब, दोन आखूड. लांब गज एका मात्रेचा, आखूड गज अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे. खाली, वर-खाली; मग वर, खाली-वर. एका गटात तीन गज असल्यामुळे पुढचा गट आपोआप उलट्या दिशेने सुरू होतो, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. वर जाणारा लांब गज दुबळा पडतो आणि ठेका लंगडतो. उपाय सोपा आहे. रोज पाच मिनिटं वरच्या गजापासूनच सुरुवात करायची. वजन आखूड गजांवर द्या, लांब गज मोकळा सोडा. गजाच्या मधल्या भागातले चार-पाच इंच पुरतात. आखूड गजाला दीड-दोन इंच. मेट्रोनोम 70 वर लावा. दोन्ही दिशांचा आवाज सारखा यायला लागला की चार-चारने वाढवा. 100 च्या आसपास वेग अडकला तर आरशात बघा. कोपर हलत असेल तर आखूड गज दंडातून येतोय, तो मनगटातून आणि बोटांतून यायला हवा.

वॉल्ट्झ या दुसऱ्या नाचाच्या तीन मात्रा. पहिल्या मात्रेला खालचा गज, पूर्ण वजनाने. दुसरी आणि तिसरी वरच्या एकाच गजात, पण मध्ये गज क्षणभर रोखून, म्हणजे दोन ठोके वेगळे ऐकू येतात. असं केलं की प्रत्येक आवर्तन खालच्या गजानेच सुरू होतं. दादऱ्याची सवय असलेल्यांनी एक जपावं. दादऱ्यात चौथ्या मात्रेवर खाली असते, त्यामुळे तिथे हात नकळत हलका होतो. वॉल्ट्झमध्ये खाली नाही. दर तीन मात्रांनंतर तितकंच वजन पडलं पाहिजे, नाहीतर नाचणाऱ्याचं एक पाऊल अधांतरी राहतं.

ठेका पक्का झाला की दोन तारा एकदम घ्या. एकीवर चाल, शेजारचीवर मोकळा सूर, तानपुऱ्यासारखा सतत. आधी मधल्या दोन तारा, चार लांब गज. मग वरच्या दोन, चार गज. मग खालच्या दोन. एक तार दबत असेल तर दाब वाढवू नका, कोपराची उंची बदला. तिसरी तार खरवडली जात असेल तर दाब जास्त होतोय. काही वादक घोडीची (तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी तुकड्याची) कमान थोडी चपटी करून घेतात, पण ती कानस घरी चालवू नका. अर्धा मिलिमीटर जास्त गेला की नवी घोडी बसवावी लागते.

मी वाद्य नेहमीसारखं जुळवतो, तरी कुठल्याही रेकॉर्डिंगशी सूर जमत नाही. रेकॉर्डिंग सदोष असतात का? (वर्तकनगर, ठाणे)

1920-30 च्या दशकांतल्या तबकड्यांचा वेग थोडा मागेपुढे असू शकतो, पण तुमची अडचण बहुधा निराळी आहे. या संगीतातलं अकॉर्डियन एकाच रांगेचं, दहा बटणांचं असतं. त्यावर आपल्या पेटीसारखे सगळे सूर नसतात. ते बहुतेक वेळा पांढरी एकचं (पाश्चात्त्य C; पुढे दोन म्हणजे D, अशी क्रमाने) असतं आणि त्यावर पांढरी एक किंवा पांढरी पाचमधल्या चाली वाजवतात. म्हणून फिडलवाले चारही तारा एकेक सूर खाली उतरवतात. नेहमीची जुळवणी, जाड तारेकडून बारीक तारेकडे, पांढरी पाच, दोन, सहा, तीन अशी असते. ती पांढरी चार, एक, पाच, दोन होते. मग बोटं पांढरी दोनची ठेवली की ऐकू येते पांढरी एक, आणि पांढरी सहाची ठेवली की पांढरी पाच. मोकळ्या तारांचा आधार दोन्हीकडे मिळतो.

तारा इतक्या उतरवल्या की ताण सुमारे 20 टक्क्यांनी कमी होतो. आवाज जाड आणि खरखरीत होतो, आणि तोच हवा असतो. पण जास्त दाब दिला तर सूर थरथरतो, म्हणून गज घोडीच्या थोडा जवळ न्या आणि दाब कमी करा. स्टीलच्या गाभ्याच्या तारा असतील तर सैल होऊनही स्वच्छ बोलतात. तारा उतरवताना एकेक करून, चारही पाव-पाव फिरवत उतरवा. एकच तार एकदम सैल केली तर घोडी तिरकी होते.

तुमच्या वाद्यावर सा-प-सा-प जुळवणी असेल तर ती वाया जाणार नाही. पूर्वीच्या काही चाली अशाच जोडसुरांच्या जुळवणीवर वाजवतात. फक्त खालच्या दोन तारा चढवून पांढरी सहा, तीन, सहा, तीन करू नका, त्यांचा ताण पाव पटीने वाढतो. खालच्या दोन तारा तशाच ठेवून वरच्या दोन उतरवा: पांढरी पाच, दोन, पाच, दोन. वाद्याला धोका नाही आणि बोटांची ठेवण तीच.

मुलगी साडेनऊ वर्षांची आहे. कोणत्या मापाचं वाद्य घ्यावं? (ऐरोली)

वय बघू नका, हात मोजा. डावा हात आडवा सरळ करून मानेपासून तळव्याच्या मध्यापर्यंत टेप लावा. साधारण 51 सेंटिमीटरला अर्ध्या मापाचं, 56 ला पाऊण, 58 किंवा त्याहून जास्त असेल तर पूर्ण मापाचं. मोजमाप दोन मापांच्या मध्ये आलं तर लहान घ्या. ‘वाढत्या अंगाचं’ म्हणून मोठं वाद्य घेतलं की मनगट वाकडं पडतं, आणि ती सवय पुढे सुटत नाही.

हिंदुस्थानी संगीताच्या कानाने ऐकलं तर यांचा गांधार कोमलही नाही, शुद्धही नाही. तो बेसूर आहे की मुद्दाम तसा लावतात? (नौपाडा, ठाणे)

मुद्दाम लावतात, आणि हा प्रश्न तानपुरा ऐकलेल्या माणसालाच पडू शकतो. दोन गोष्टी आहेत. पहिली अकॉर्डियनची. त्यातला गांधार बनवणारे बऱ्याचदा पेटीच्या गांधारापेक्षा उतरवून लावतात, तानपुऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या शुद्ध गांधाराच्या जवळ. तो पेटीपेक्षा सुमारे 14 सेंट (अर्ध्या सुराचे शंभर सेंट) खाली असतो. म्हणून मोबाइलच्या ट्यूनरवर विसंबू नका. ट्यूनर हिरवा होईल आणि कानाला मात्र चढा लागेल. मोकळी तार वाजत ठेवून त्यात गांधार मिसळा, म्हणजे जागा सापडते.

दुसरी गोष्ट फिडल आणि गळ्याची. तिथे गांधार आणखी खाली, कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमधही येतो, विशेषतः क्रिओल वादकांकडे. दुसरं बोट कोमलच्या किंचित वर ठेवायचं आणि गज चालू असतानाच ते हळूच वर सरकवायचं, शुद्ध गांधारापर्यंत न पोचता. मींड घेणाऱ्या हाताला हे सहज जमतं. चूक होते ती पुढे: बोट थांबल्यावर आपण सवयीने आंदोलन देतो. इथे आंदोलन नको, कंपही जवळजवळ नको. बोट जिथे थांबलं तिथे स्थिर.

केजन आणि क्रिओल यांत नेमका फरक काय? दोन्ही एकच वाटतात. (घणसोली)

माणसं निराळी, गावं शेजारची, चाली बऱ्याच सामाईक. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या अकादी या वसाहतीतल्या फ्रेंच शेतकऱ्यांना इंग्रजांनी 1755 पासून हुसकावून लावलं. त्यांतले पुष्कळजण 1764 नंतर लुइझियानात येऊन वसले, त्यांचे वंशज केजन. क्रिओल म्हणजे, या संगीतापुरतं बोलायचं तर, त्याच भागातले फ्रेंच बोलणारे कृष्णवर्णीय लोक. दोघांना वेगळं करून ऐकायला गेलं तर हाती काही लागत नाही. क्रिओल अकॉर्डियनवादक आणि गायक आमेदे आर्दोआँ आणि केजन फिडलवादक डेनिस मॅगी यांनी 1929 ते 1934 या काळात केलेली ध्वनिमुद्रणं दोन्ही परंपरांचा पाया मानली जातात. वंशभेद कायद्याने पाळला जायचा त्या काळात ही जोडी एकत्र वाजवत होती.

फरक ऐकायचा तर ड्युई बाल्फा आणि कॅनरे फाँतनो एकापाठोपाठ लावा. बाल्फा केजन. 1964 साली न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात त्यांना मिळालेल्या दादेनंतर त्यांनी हे संगीत टिकवण्यासाठी आयुष्य वेचलं. त्यांचा गज गोल, भरीव, चाल स्पष्ट. फाँतनो क्रिओल. पहिलं वाद्य त्यांनी सिगारच्या खोक्यापासून बनवलं होतं, तारा जाळीच्या दारातून काढलेल्या. 1966 मध्ये अकॉर्डियनवादक ‘ब्वा सेक’ आर्दोआँ यांच्याबरोबर त्यांनीही न्यूपोर्टला वाजवलं. त्यांच्या वादनात ब्लूज जास्त मुरलेला आहे. स्वर मात्रेच्या किंचित आधी किंवा नंतर पडतात, गज मध्येच तोडतात. आमच्या मते नवशिक्याने आधी बाल्फा बसवावेत. फाँतनो यांचा ठेका मनात पक्का नसताना त्यांची नक्कल केली की नुसती लय घसरते.

झायडेको हा क्रिओल संगीताचाच पुढचा अवतार. अकॉर्डियनवादक क्लिफ्टन शेनिए यांनी त्यात पियानो अकॉर्डियन आणि अंगावर चढवायचा पत्र्याचा घासणफलक रुजवला, आणि फिडल मागे पडलं. फिडल शिकण्यासाठी झायडेको ऐकत बसलात तर वाद्यच सापडणार नाही.

इथे बरोबर वाजवायला कुणी नाही. एकट्याने शिकून उपयोग आहे का? शिवाय सोसायटीत रात्री आवाज चालत नाही. (नेरूळ)

एका जोडीदाराची गरज आहे, आणि तो केजन वाजवणाराच हवा असं नाही. दुसरं व्हायोलिन वाजवणारं कुणीही चालेल. जुन्या पद्धतीत दुसरं फिडल चाल वाजवतच नाही, खालच्या दोन तारांवर ठेका आणि आधार देतं. डेनिस मॅगी यांना सेडी कूरव्हील यांनी दिलेली साथ यासाठी कान देऊन ऐकावी. बोटं तीनच जागी लागतात. तारा एक सूर उतरवलेल्या असल्या तरी बोटं नेहमीच्या नावांनी सांगतो. पांढरी दोनसाठी जाड तारेवर पहिलं बोट आणि शेजारची तार मोकळी. पांढरी पाचसाठी दोन्ही तारा मोकळ्या. पांढरी सहासाठी पहिलं बोट दोन्ही तारांवर आडवं. टू-स्टेपला दर मात्रेवर आखूड, दणकट गज. वॉल्ट्झला एक लांब, दोन आखूड. हे एका रविवारी शिकवून होतं. मग दर चालीला अदलाबदल करा, कारण साथ करतानाच चालीतला ठेका हातात उतरतो.

पेटीवाला मिळाला तरी छान. पेटी आणि अकॉर्डियन दोन्हींत धातूची सुटी पट्टीच (रीड) बोलते. मात्र पेटीचा गांधार चढा असतो, तेव्हा त्याला सांगा, नुसते षड्ज-पंचम धरून भाता ठेक्यात हलव.

चाली कानानेच घ्या. यूट्यूबवर वेग 0.75 किंवा 0.5 केला तरी पट्टी बदलत नाही. दोन ओळींचा तुकडा आधी गाऊन घ्या, मग गज, मग बोटं. रात्रीसाठी घोडीवर बसवायचा जाड रबरी म्यूट घ्या. धातूचा आणखी दाबतो, पण निसटून पडला तर वरच्या फळीला खोक पडते. म्यूट लावून गजाचं वजन नीट कळत नाही, तेव्हा आठवड्यातून दोनदा तरी दिवसा म्यूटशिवाय वाजवा.

जुलैत खुंट्या हलत नाहीत, गज कितीही पिळला तरी केस सैलच, आणि कडेला फळी सुटल्यासारखी दिसते. (कोलशेत, ठाणे)

तिन्हींचं कारण एकच, खाडीकाठची दमट हवा. लाकूड फुगून खुंटी अडकते. पक्कड लावू नका. पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसह वाद्य दोन दिवस बंद ठेवा, मग खुंटी किंचित बाहेर ओढत फिरवा. सुटली की घासणाऱ्या भागावर कोरड्या साबणाची वडी एकदा फिरवा. उलट एसीच्या खोलीत खुंटी घसरायला लागली तर तिथे फळ्याचा खडू.

गजाचे केस ओलाव्याने लांबतात. स्क्रू शेवटपर्यंत पिळूनही ते ताणत नसतील तर पुढे जोर लावू नका, केस आखूड करून नव्याने भरून घ्या. वाजवून झाल्यावर गज रोज सैल करा. केस असे पावसाळ्यात भरलेले असतील तर डिसेंबरच्या कोरड्या हवेत ते आक्रसतात, आणि ताणलेला राहिलेला गज टोकाशी तडकतो. राळ फिक्या रंगाची, कडक घ्या. काळी मऊ राळ या हवेत चिकटते आणि आखूड गज ओढल्यासारखे येतात.

कडेचा सांधा तपासायचा तर बोटाच्या पेराने कडेकडेने टकटक करत जा. सुटलेल्या जागी आवाज फटफटीत येतो. तारा थोड्या उतरवा आणि वाद्य दुरुस्तीवाल्याकडे न्या. तो सरसाने चिकटवेल, कारण सरस पुढच्या दुरुस्तीला पुन्हा उकलता येतो. फेव्हिकॉल घरी भरला तर सांधा कायमचा बसतो, आणि पुढे लाकूड आकसलं की सांध्याऐवजी वरची फळी चिरते.