थर्मोस्टॅट काढण्याआधी दोन कूलरांमधली फट पाहा

भाऊ, आपला प्रश्न दोनदा वाचला. अनेर नदीकाठची वेडी बाभूळ मुळासकट काढून मृगबागेच्या, म्हणजे जूनमध्ये लावायच्या, केळीसाठी जमीन मोकळी करायची आहे, पोकलेन सकाळी व्यवस्थित चालते, अकरानंतर मात्र तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जातो, रेडिएटर तर बाहेरून स्वच्छ दिसतो आणि आता फिटर थर्मोस्टॅट काढून टाकायला सांगतो आहे, असे आपण लिहिले आहे. काही वर्षांपूर्वी आखाजीनंतरच्या (अक्षय तृतीयेनंतरच्या) आठवड्यात चोपडा तालुक्यात माझी अगदी हीच अवस्था होती. मलाही हाच सल्ला मिळाला होता आणि मी तो मानला होता, म्हणून सविस्तर लिहितो.

कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी, फॅन बेल्टचा ताण, गळती, रेडिएटरच्या झाकणाचे रबर हे सगळे आपण पाहिलेच असेल असे धरतो. मी अभियंता नाही. माझा अनुभव एका पोकलेनचा आणि एका जेसीबीचा आहे, त्यामुळे माझे म्हणणे आणि आपल्या मशीनची पुस्तिका यांत फरक आढळला तर पुस्तिकाच खरी माना.

थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेतला अडथळा आणि तो काढला की इंजिन थंड राहील, हा समज आपल्या भागात फार घट्ट बसलेला आहे. अनेक डिझेल इंजिनांत थर्मोस्टॅट दोन कामे करतो. इंजिन तापले की तो रेडिएटरकडची वाट उघडतो आणि त्याच हालचालीत बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून थेट पंपाकडे परतणारी वाट बंद करतो. तो काढून टाकला की ही दुसरी वाट कायम उघडी राहते आणि गरम कूलंटचा काही भाग थंड न होताच पुन्हा इंजिनात शिरतो. आमच्याकडे पहिले दोन दिवस सकाळी काटा नेहमीपेक्षा सावकाश चढला, त्यामुळे इलाज लागू पडला असेच आम्हा सर्वांना वाटले. तिसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास ऑपरेटर एक जुने खोड ओढत असताना वाफेचा लोट उठला. इंजिनाच्या वरच्या भागाखालचे, म्हणजे हेडखालचे गॅस्केट गेले, हेड वाकले आणि डिपस्टिकवर दुधाळ, म्हणजे कूलंट मिसळलेले ऑइल दिसले. दुरुस्ती, बुडालेले तास आणि वेळेत मोकळे करून न देता आलेले शेत हे सगळे धरून मला सव्वा लाखाच्या वर फटका बसला. थर्मोस्टॅट खराब असल्याची शंकाच असेल तर तो पातेल्यातल्या पाण्यात टांगावा, पाणी तापवत न्यावे आणि त्याच्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास तो उघडू लागतो की नाही हे पाहावे. उघडत नसेल तर नवा बसवावा. जागा रिकामी ठेवू नये.

मशीन तेव्हा वॉरंटीत होते आणि बिघाड होण्याआधी मी सेवा केंद्राला तीन वेळा फोन केला होता. तिन्ही वेळा एकच उत्तर मिळाले की बाहेर ४५ अंश असताना सगळीच मशीन तापतात, तुम्ही सकाळी काम करा. कोणीही शेतावर येऊन पाहिले नाही. हेड वाकल्यावर मात्र दुसऱ्याच दिवशी माणूस आला, त्याने थर्मोस्टॅट नसल्याचे फोटो काढले आणि मूळ भाग काढल्याच्या कारणावरून दावा नाकारला गेला. तो भाग मी काढायला लावला, ही चूक माझीच आणि ती मी मान्य करतो. पण तीन फोनांपैकी एकावर जरी कोणी येऊन कूलर उघडला असता, तर पुढचे काहीच घडले नसते, याचा राग अजून गेलेला नाही. माझे तिन्ही फोन तोंडी होते आणि त्यांची नोंद कुठेच सापडली नाही. आपण तक्रार लेखीच द्या, त्यात तासमापकाचा आकडा लिहा आणि लाल पट्ट्यातल्या काट्याचा फोटो जोडा.

खरे कारण दुरुस्तीनंतर समजले. भुसावळकडच्या एका वयस्कर फिटरने रात्री पंख्याच्या बाजूने रेडिएटरवर टॉर्च धरली आणि मला पलीकडून बघायला सांगितले. प्रकाशाचा एक ठिपकाही आरपार येत नव्हता. आमच्या मशीनवर हायड्रॉलिक ऑइलचा कूलर रेडिएटरच्या पुढे बसवलेला होता आणि दोघांमध्ये बोटभर फट होती. वेडी बाभळीची पाने इतकी बारीक असतात की ती बाहेरच्या जाळीतून सहज आत जातात. वैशाखात त्यांच्या जोडीला रुईच्या म्हाताऱ्या उडतात. कूलरचे बोल्ट काढून तो बाजूला केला, तेव्हा त्या फटीतून गोधडीच्या तुकड्यासारखा जाड थर निघाला. बाहेरून रेडिएटर स्वच्छच दिसत होता, कारण दर रविवारी आम्ही तो पंपाच्या जोरदार पाण्याने समोरून धूत होतो. त्या धुण्याने कचरा आणखी आत ढकलला जात होता आणि काळ्या मातीची धूळ भिजून रेडिएटरच्या बारीक पत्र्यांमध्ये लिंपली जात होती.

मग हिवाळ्यात हे मशीन का तापले नाही, असे आपण विचाराल. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो हे साधारणपणे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. कूलंट ९५ अंशांवर आणि हवा ३० अंशांवर असेल तर फरक ६५ चा, आणि हवा ४५ अंशांवर गेली की तो ५० चा उरतो. म्हणजे एकही पान अडकलेले नसताना जवळपास चौथा हिस्सा क्षमता ऊनच खाऊन टाकते. जानेवारीत जो कचरा खपून जातो, तो मे महिन्यात खपत नाही. आपल्या जमिनी पावसाळ्यात मशीनला आत शिरू देत नाहीत आणि जूनच्या लागवडीआधी शेत तयार हवे असते, त्यामुळे हे काम नेमके सर्वांत कडक उन्हाच्या दोन महिन्यांत येते आणि त्यापासून सुटका नाही.

स्वच्छतेबाबत माझे मत आता ठाम आहे. बाभूळ काढण्याचे काम चालू असेपर्यंत इंजिन बंद करून रोज संध्याकाळी कूलर कोरड्या हवेने साफ करावेत आणि आठवड्यातून एकदा ऑइल कूलर सोडवून मधली फट मोकळी करावी. हवा ज्या दिशेने आत येते त्याच्या उलट बाजूने कॉम्प्रेसरचा झोत मारावा. पंखा हवा आत ओढतो की बाहेर फेकतो हे मशीनगणिक बदलते, म्हणून इंजिन चालू असताना दुरूनच जाळीसमोर कापडाची पट्टी धरून आधी खात्री करावी. झोत सरळ आणि थोड्या अंतरावरून मारावा, तिरका मारल्यास पत्रे वाकतात आणि हवेची वाट कायमची बुजते. पाणी वापरायचेच असेल तर सगळी धूळ कोरडी निघाल्यानंतर आणि कमी दाबाने वापरावे. साफ करतानाच टर्बो व सायलेन्सरभोवतीचा पालापाचोळाही काढावा, तो पेट घेऊ शकतो.

रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालू नये. क्षारांचा थर नळ्यांच्या आत बसतो आणि तो कोणत्याही हवेने निघत नाही. तयार कूलंट किंवा शुद्ध पाण्यात मिसळलेले कूलंटच घ्यावे.

ऑपरेटरच्या हाताबद्दलही सांगावेसे वाटते, कारण आमचे मशीन खोड ओढतानाच बसले. खोड हलत नसताना लिव्हर दाबून धरले की रिलीफ वॉल्व्ह, म्हणजे जादा दाबाचे ऑइल सोडून देणारी झडप, उघडतो आणि इंजिनाची ताकद काम न करता ऑइल तापवण्यात जाते. हायड्रॉलिक ऑइल सुमारे ८२ अंशांच्या वर गेले की सील खराब होऊ लागतात आणि त्याच तापलेल्या कूलरमधून आलेली गरम हवा रेडिएटरला मिळते. त्यापेक्षा खोडाभोवती तीन बाजूंनी खणून आडवी मुळे बकेटने तोडावीत आणि मग उचलावे. वेळ थोडा अधिक लागतो, पण काटा खाली राहतो. तरीही तो लाल पट्ट्याकडे जाऊ लागला तर काम थांबवून इंजिन हळू गतीवर चालू ठेवावे, म्हणजे पंखा आणि पंप फिरत राहतात. बेल्ट तुटला असेल किंवा कूलंट वाहून जात असेल, तर मात्र ताबडतोब बंद करावे. गरम असताना झाकण उघडू नये आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये.

फिटरने थर्मोस्टॅट काढला असेल तर आजच परत बसवून घ्या. रात्री इंजिन बंद असताना पंख्याच्या बाजूने टॉर्च धरा आणि प्रकाश किती आरपार येतो ते इथे कळवा. सोबत कूलरांची रचना दिसेल असा एक फोटोही टाका, म्हणजे कोणता कूलर सोडवावा लागेल ते सांगता येईल.