बार्ज घेण्याआधी तळ ठोकून बघ

चि. बाबूस,
अनेक आशीर्वाद.

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर तरंगतं हॉटेल उभारायचं म्हणतोस आणि गोव्याकडचं खनिज वाहणारं बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू नाव, स्वस्तात मिळतंय म्हणून घाई करतोस. ते सोड. एवढं धूड वैनगंगेत आणायला पाण्याची वाटच नाही. 24 मीटर लांब, 7 मीटर रुंद, सपाट तळाचं बघ. तेही कापूनच येईल, पण सहा तुकडे ट्रेलरवर बसतील. पवनीकडे जोडलेला प्रत्येक सांधा मात्र तपासून घ्यायचा.

खोल्यांचे नकाशे नंतर. आधी हातोडीने तळ ठोकून बघ आणि अल्ट्रासोनिक गेजने प्लेटची जाडी मोज, पाणरेषेच्या पट्ट्यात जास्त ठिकाणी. मूळ 8 मिमीची प्लेट 6 वर आली असेल तर कापून नवी टाक. विकणारा वरून पॅच मारून देतो म्हणेल, ऐकू नको. दोन प्लेटांच्या मधे पाणी शिरतं, आतून सडतं, वरून रंग मात्र झकास.

तळाच्या बंद टाकीत लगेच कोणाला उतरवू नको. लोखंड गंजताना आतला ऑक्सिजन खातं, त्याचा वास येत नाही, माणूस शिडीवरच कोसळतो. त्याला काढायला धावलेला दुसराही. झाकण उघडून पंख्याने हवा खेळव, मीटरवर 19.5 टक्क्यांखाली ऑक्सिजन असेल तर आत जायचं नाही.

समुद्रातल्या बार्जला जस्ताचे अ‍ॅनोड असतात, म्हणजे लोखंडाऐवजी स्वतः झिजणारे धातूचे ठोकळे. गोड्या पाण्यात ते नीट काम करत नाहीत, मॅग्नेशियमचे बसव.

आता वजन. एवढ्या बार्जवर साधारण 1.7 टन चढलं की ते पाण्यात 1 सेंटीमीटर खाली बसतं. घरासारखी 40 मिमीची कोबा-फरशी 150 चौरस मीटरवर घातलीस तर जवळजवळ 14 टन, म्हणजे 8 सेंटीमीटर, आणि तेही वरच्या डेकवर असेल तर डोलणं वाढणार. सिमेंट बोर्डवर व्हिनाइल पुरे. बॅलास्ट म्हणून, म्हणजे तोल राखायच्या वजनासाठी, तळात काँक्रीट ओतू नको, खालचा गंज पुन्हा दिसायचा नाही. उचलता येतील असे ठोकळे ठेव. भिंतींत उष्णता अडवायला 50 मिमी रॉकवूल (दगडी लोकर) हवंच, आपल्या मे महिन्यात लोखंडाची खोली भट्टी होते.

संडासाचं पाणी जलाशयात एक थेंबही जाता कामा नये. 20 माणसं, दिवसाला पाच फ्लश, प्रत्येकी 6 लिटर: रोज 600 लिटर. तीन दिवसांची टाकी ठेव, आत आडव्या-उभ्या पट्ट्या घाल, नाहीतर अर्धवट भरलेल्या टाकीतलं पाणी झुलून बार्ज कलतं. जनरेटर रेडिएटरचाच घे. थंड व्हायला नदीचं पाणी ओढणाऱ्याची जाळी जलपर्णीने तुंबते.

अंतर्देशीय जलयान कायदा 2021 प्रमाणे सर्वेक्षण आणि नोंदणी झाल्याशिवाय पाहुणा चढवायचा नाही. जागेसाठी जलसंपदा विभागाची परवानगी वेगळी.

जागा मात्र मे अखेरीस, पाणी उतरलं असताना, ढिवराच्या डोंग्यात बसून बघ. बुडालेल्या गावांची जोती आणि झाडांची खुंटं कुठे आहेत ते त्याला ठाऊक असतं. बार्ज 90 सेंटीमीटर बसणार असेल तर तेव्हाही खाली दीड मीटर पाणी उरेल अशीच जागा धर, धरणाच्या दारांपासून लांब. चारही कोपऱ्यांना नांगर आणि विंच हवेत, पाणी चढेल-उतरेल तशी साखळी ढिली-घट्ट करायला.