मांजराच्या शूचा वास फिनेलने का जात नाही

तुम्ही लिहिलंय की बोका बाल्कनीच्या दाराशी आणि सोफ्यावर शू करतो, रोज दोनदा फिनेलने पुसूनही पाऊस सुरू झाला की वास परत येतो. एक कळकळीची विनंती: फिनेल आजपासूनच बंद करा. फिनॉलसारखी द्रव्यं शरीराबाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची ताकद फार तोकडी असते. ओल्या फरशीवरून चालून बोका पंजे चाटतो आणि ते सगळं पोटात जातं. पाइन तेलाचं पांढरं फिनेलही त्यातलंच. ज्या कामासाठी वापरताय ते काम तर त्याने होतच नाही.

कारण शूमधला युरिया आणि क्षार पाण्याने निघून जातात, पण युरिक अॅसिडचे स्फटिक पाण्यात जेमतेम विरघळतात. ते फटीत, फोममध्ये बसून राहतात आणि हवा दमट झाली की पुन्हा घमघमायला लागतात. त्यात बोका न्यूटर केलेला, म्हणजे नसबंदी केलेला, नसेल तर त्याच्या शूत फेलिनिन नावाचं गंधकयुक्त द्रव्य भरपूर असतं. ते हळूहळू फुटतं आणि तो डोक्यात जाणारा दर्प सुटतो.

व्हिट्रिफाइड टाइल असेल तर टाइल स्वतः काही पीत नाही, पितात ते टाइलमधले सांधे. फरशी कोरडी असताना दाराजवळच्या सांध्यावर पाण्याचे चार थेंब सोडून बघा. थेंब तसेच उभे राहिले तर ठीक. सांधा काळपट होऊन पाणी आत गेलं, तर शूही तिथूनच आत जाते. स्कर्टिंगच्या (भिंतीच्या पायाशी लावलेल्या पट्टीच्या) खालची फटही अशीच तपासा, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. रात्री दिवे बंद करून यूव्ही (अतिनील प्रकाशाची) टॉर्च मारली की जुने डाग पिवळट-हिरवट चमकतात. स्वस्तात मिळते, घ्याच. कित्येकदा आपण पुसत असतो एकीकडे आणि डाग असतो हातभर पलीकडे.

आता सफाई. आधी साध्या पाण्याने दोन-तीनदा पुसून फिनेलचा अंश काढा, नाहीतर पुढचं औषध नीट काम करणार नाही. मग पाळीव प्राण्यांच्या शूसाठी मिळणारं एन्झाइम क्लीनर, म्हणजे शूतली वासाची द्रव्यं फोडणारं द्रावण, आणा. ते फवारून लगेच पुसायचं नसतं, सगळे इथेच फसतात. शू जितकी खोल गेली असेल तितकंच खोल हे जायला हवं. सांध्यावर सढळ हाताने ओता, वर प्लॅस्टिकचा कागद अंथरून कडेला वजन ठेवा आणि रात्रभर ओलं राहू द्या. सकाळी टिपून पंख्याखाली वाळवा. पहिल्या दिवशी वास वाढल्यासारखा वाटेल, घाबरू नका. जुन्या डागाला हेच पुन्हा करावं लागतं. सांधे भुसभुशीत झाले असतील तर खरवडून इपॉक्सी ग्राउट (सांध्यात भरायचा, पाणी न पिणारा मसाला) भरून घेणं हाच कायमचा उपाय.

व्हिनेगर सगळेच सुचवतात. ताज्या शूच्या अमोनियावर ते चालतं, पण युरिक अॅसिड त्याने विरघळत नाही. आणि मार्बल, कोटा, शहाबादी, कडप्पा हे सगळे चुनखडीचे दगड. त्यावर व्हिनेगर, लिंबू किंवा टॉयलेट क्लीनर पडलं की पॉलिश गेलंच म्हणून समजा. ब्लीच तर अजिबात नको. शूतल्या अमोनियाशी त्याचा संयोग होऊन विषारी वायू तयार होतो, आणि बंद फ्लॅटमध्ये तो माणसांनाही बाधतो.

सोफ्याच्या गादीची चेन उघडून आतला फोम बघा. कव्हरवर तळहाताएवढा डाग असला तर फोमवर तो ताटाएवढा पसरलेला असतो. म्हणून वरून शाम्पू करून काही होत नाही. कव्हर कोमट पाण्यात धुवा, कढत पाण्यात किंवा स्टीमने नको, उष्णतेने डाग धरून बसतो. फोम बाथरूममध्ये नेऊन एन्झाइमने चिंब करा, दुसऱ्या दिवशी पाणी ओतून, दाबून दाबून निथळवा आणि उन्हात कडकडीत वाळवा. पावसात हे करू नका, फोम वाळणार नाही आणि कुबट वास वेगळाच लागेल. तोपर्यंत सोफ्यावर वॉटरप्रूफ चादर टाका. कापसाची गादी मात्र भिजवायची नाही. तिच्यावर केमिस्टकडचं हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं. आपल्याकडे ते बहुधा 20 व्हॉल्यूमचं, म्हणजे साधारण 6 टक्के असतं. तेवढंच पाणी घालून डागावर हलकेच लावा, टिपा, ऊन दाखवा. रंगीत खोळीवर आधी कोपऱ्यात लावून बघा, रंग उडतो.

हे सगळं करूनही बोका पुन्हा तिथेच गेला तर मेहनत वाया. लिटर बॉक्स (मांजराचा शू-शीचा ट्रे) ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनला खेटून असेल तर आधी हलवा. मशीन एकदा धडधडलं की मांजर तिकडे फिरकत नाही. घरात जितकी मांजरं त्याहून एक बॉक्स जास्त ठेवा आणि रोज साफ करा. न्यूटर केलं नसेल तर करून घ्या, उभ्या शेपटीने भिंतीवर फवारणं बऱ्याच बोक्यांचं त्यानेच थांबतं. त्याला रागावू नका, त्याने तो लपून करायला लागेल, एवढंच होईल.

आणि तो सारखा बॉक्समध्ये बसून कुंथतोय, थेंब-थेंबच होतेय किंवा काहीच होत नाही, ओरडतोय, असं दिसलं तर साफसफाई राहू द्या आणि त्याच क्षणी डॉक्टरकडे न्या. बोक्यांची मूत्रनळी अरुंद असते, ती तुंबली की एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. सोफ्यावर शू करणं हे कधीकधी त्याचंच पहिलं लक्षण असतं.

तुमची फरशी नेमकी कुठली आहे आणि बोका न्यूटर केलाय का, ते कळवा. त्यावरून पुढचं सांगता येईल.