बाहुली चादरीत का गुंडाळली जाते?

प्रश्न : माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. दोन महिन्यांपूर्वी एका रात्री तिच्या वडिलांना अचानक रुग्णालयात हलवावे लागले आणि ते तीन आठवडे तेथेच होते. ती घाबरू नये म्हणून ‘बाबा कामासाठी बाहेरगावी गेलेत’ असे आम्ही तिला सांगितले. आता ते घरी आहेत, बरे आहेत. परंतु मुलगी पुन्हा अंथरूण ओले करू लागली आहे, मी नजरेआड झाले की रडते, आणि विसापर्यंत बिनचूक अंक म्हणणारी ती आता बारा-तेरावर अडखळते. बाहुलीला चादरीत गुंडाळून दारापर्यंत न्यायचे, हा एकच खेळ दिवसभर चालतो. तिच्या बुद्धीवर कायमचा परिणाम झाला असेल का? हा प्रसंग ती विसरावी यासाठी काय करावे?

उत्तर : ती विसरावी म्हणून काहीही करू नका. बाहुली नेमकी चादरीत गुंडाळली जाते आणि दारापर्यंतच नेली जाते, यावरून मला वाटते की त्या रात्री मुलगी जागी असावी. तुम्ही सांगितलेले ‘बाहेरगाव’ आणि तिने पाहिलेली चादर यांचा मेळ तिला लागत नाही, म्हणून ती तो खेळून पाहते आहे. मोठी माणसे एखादी गोष्ट बोलून मोकळी होतात. या वयाची मुले ती खेळून मोकळी होतात. तेव्हा खेळ थांबवू नका, शेजारी बसा आणि ‘मग बाहुलीचे पुढे काय झाले?’ एवढेच विचारा.

साधारण दोन ते सात या वयातील मुलांच्या विचारपद्धतीचे वर्णन स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी केले आहे. या वयात मूल घडणाऱ्या गोष्टींचे केंद्र स्वतःलाच समजते आणि मनात आलेला विचार व बाहेर घडलेली घटना यांची सहज सांगड घालते. त्या संध्याकाळी ती वडिलांवर रुसली असेल, तर ‘मी रुसले म्हणून बाबा गेले’ असा निष्कर्ष तिने काढलेला असू शकतो, आणि तुम्ही खरे कारण सांगितलेले नसल्यामुळे तो खोडून काढायला तिच्याजवळ काहीच नाही. म्हणून तिला थोडक्यात सांगा : ‘त्या रात्री बाबा आजारी पडले होते. डॉक्टरांनी त्यांच्यावर उपचार केले. तू काही केलेस म्हणून ते आजारी पडले नाहीत. बाहेरगावी गेलेत असे आम्ही सांगितले, ते आमचे चुकले.’ ती हेच दहा वेळा विचारील. दहाही वेळा तेच, त्याच शब्दांत सांगा.

आता अंकांविषयी. तिची बुद्धी कमी झालेली नाही, ती दुसरीकडे गुंतली आहे. आई कुठे आहे यावर सतत पहारा ठेवणाऱ्या मुलाजवळ तेराच्या पुढचा अंक आठवायला फारसे अवधान उरत नाही. ताणाच्या वेळी शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते. जवळच्या माणसाच्या आधाराने मूल शांत झाले की ते सहसा पूर्वपदावर येते. विकासाला खरा धोका असतो तो महिनोन्‌महिने चालणाऱ्या आणि आधार नसलेल्या ताणाचा. बालपणातील प्रतिकूल अनुभवांवरील 1998 च्या प्रसिद्ध अमेरिकी अभ्यासाची प्रश्नावली घेऊन हल्ली पालक मुलांचे ‘गुण’ मोजत बसतात, ते मला मुळीच पसंत नाही. तो अभ्यास प्रौढांना त्यांच्या बालपणातील छळ आणि घरातील हिंसा अशा गोष्टी विचारून केलेला होता. एका मुलाचे भविष्य सांगण्यासाठी तो नव्हता. याउलट अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी हवाईतील कौआई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा अनेक दशके मागोवा घेतला, तेव्हा अत्यंत बिकट परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले समर्थ प्रौढ झाली, आणि त्यांना लहानपणी निदान एका माणसाचा भरवशाचा आधार मिळालेला होता.

तेव्हा अंकांची उजळणी तूर्त बंद ठेवा. अंथरूण ओले झाले तर न बोलता चादर बदला. मात्र मूत्रमार्गाच्या संसर्गानेही असे होऊ शकते, म्हणून बालरोगतज्ज्ञांकडून एकदा तपासणी करून घ्या. घराबाहेर पडताना तिचा डोळा चुकवून जाऊ नका. सांगून जा, रडली तरी चालेल. खरे सांगितल्यानंतर तीन-चार आठवड्यांत काहीच उतार पडला नाही, ती बोलेनाशी झाली किंवा खेळताना अधिकच घाबरू लागली, तर बालमानसतज्ज्ञांना भेटा.

प्रश्न : आमचा नातू दहा महिन्यांचा आहे. त्याची आई आजारपणामुळे महिनाभर दूर आहे. एवढ्या लहान बाळाला काय कळणार?

उत्तर : आजारपण कळत नाही, आई नाही हे कळते. सहा ते आठ महिन्यांपासून बाळ ओळखीचे व अनोळखी यांत स्पष्ट फरक करते. त्यामुळे आज आत्या, उद्या शेजारीण असे हात बदलत राहू नका. भरवणे, न्हाऊ घालणे आणि झोपवणे शक्यतो एकाच व्यक्तीकडे ठेवा. आई परतल्यावर त्याने तिच्याकडे पाठ फिरवली, तर ती नाराजी आहे, विसर नव्हे. हे सूनबाईंना आधीच सांगून ठेवा.